तिसऱ्या आठवड्याचा माणूस

वस्तरा गळ्यावर असताना हलू नये, हे मला दाढी यायला लागल्यापासून माहीत आहे. तरी मंगळवारी दुपारी मी हललो. न्हाव्याने माझा डावा गाल उरकला होता. हनुवटी वर करून तो गळ्याकडे आला, आणि हात चालू ठेवूनच मागे बाकावर बसलेल्यांना म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगतोय, काडी हा तिसऱ्या आठवड्याचा माणूस आहे." मी मान वळवली. फार नाही, बोटभर. "अहो मिस्त्री!" न्हावी ओरडला. गळ्याखाली गरम लागलं, मग साबणाचा फेस गुलाबी झालेला आरशात दिसला. त्याने तुरटी दाबली. "मरायचंच असेल तर समोर औषधाच्या दुकानात जाऊन मरा, माझ्या खुर्चीत कशाला?" बाकावरचे दोघे हसले. मीही हसल्यासारखं केलं. तुरटी झोंबत होती, पण मला झोंबलं ते वेगळंच होतं. ते वाक्य न्हाव्याचं नव्हतं. ते हिचं होतं. त्यातला शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता. दुसऱ्याच्या अंगात आपल्या माणसाचा सदरा दिसावा, तसं मला झालं.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले. आणि काडी म्हणजे आमच्या गावचा सायकलपटू, जो सध्या जगातल्या मोठ्या शर्यतींपैकी एका शर्यतीत पळतोय. तीन आठवड्यांची शर्यत, रोज एक टप्पा, एकवीस टप्पे. पंधरा झाले होते. सोमवारी विश्रांतीचा दिवस होता आणि मंगळवारचा सोळावा टप्पा डोंगरातला, शेवटी अकरा किलोमीटरचा चढ. काडी एकूणात चौथा होता, पहिल्यापेक्षा दोन मिनिटं दहा सेकंद मागे. यापूर्वी चार मोठ्या शर्यतींत तो पळाला तो दुसऱ्यासाठी. संघाच्या म्होरक्याला वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, चढ सुरू झाला की बाजूला व्हायचं. यंदा पहिल्याच आठवड्यात म्होरक्याची खांद्याची हाडं मोडली आणि संघाने नाइलाजाने काडीला मोकळं सोडलं. तेव्हापासून गावात ज्याला सायकलची साखळी चढवता येत नाही तोही शर्यतीवर बोलतोय. पण खरी बोलणी न्हाव्याच्या दुकानात, कारण टीव्ही तिथे आहे आणि बाकावर बसायला पैसे पडत नाहीत. टीव्ही दाराच्या वर टांगलेला आहे. खुर्चीत बसलेल्याला तो आरशातून दिसतो, म्हणजे सगळी शर्यत उलटी. डावीकडची दरी उजवीकडे जाते, आकडेही उलटे. आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना ते सरळ वाचायची सवय झाली आहे. मला तर घरच्या टीव्हीवर शर्यत पाहिली की काहीतरी चुकतंय असं वाटतं.

बाकावर त्या दिवशी दोघे होते. एक चष्मेवाला, ज्याचं दुकान शेजारीच आहे आणि ज्याच्याकडे दुपारी कुणी येत नाही. दुसरा ड्रायव्हर. त्याने तीस वर्षं घाटातून बस चालवली, आता निवृत्त आहे, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याला गाडीसारखी दिसते. "तिसरा आठवडा, तिसरा आठवडा," ड्रायव्हर म्हणत होता, "इंजिन काय आठवडे बघून तापतं? काडीने गेल्या गुरुवारी दम टाकला. मी बघितलंय. चढावर खांदे हलायला लागले की समजायचं, गाडी आता धूर सोडणार." चष्मेवाला म्हणाला, "खांद्यांचं सोड. शनिवारी एकेकट्याने घड्याळाशी पळायचंय. सपाट रस्ता, समोरून वारा. काडीचं वजन किती? जोराची झुळूक आली तर पोरगा पुढच्या गावात सापडेल." न्हावी म्हणाला, "सापडेल ना, पहिला सापडेल." असं चाललं होतं. रोज असंच चालतं. मी या बोलण्यात फारसा नसतो. मी सुतार आहे. दिवसभर लाकूड बोलतं तेवढं ऐकून मला पुरतं. ही असताना तर मी आणखी कमी बोलायचो, कारण आमच्या दोघांच्या वाट्याचं ती बोलून टाकायची.

दुकानात त्याला काडी म्हणतात, पण आमच्या घरात तो 'वरचा'. दोन वर्षं तो आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिला. बाविशीचा होता, सकाळी पार्सलच्या कचेरीत काम करायचा आणि दुपारपासून सायकल. आम्हाला मूलबाळ नाही. लोक लगेच त्यातून अर्थ काढतात, तो चुकीचा आहे. ही त्याला मुलगा वगैरे मानत नव्हती. त्याचे मोजे जिन्यात वाळत दिसले की ती त्याला असं काही बोलायची, की मुलाला कुणी बोलणार नाही. ही सरकारी दवाखान्यात नर्स होती, पुरुषांच्या वॉर्डात, एकतीस वर्षं. उन्हाळ्यात एकदा वरच्याने तीन आठवड्यांची रजा काढली. म्हणाला, "मोठ्या शर्यती एकवीस दिवसांच्या असतात. मी एकवीस दिवस रोज डोंगरात जाऊन बघणार, काय होतंय ते." ही म्हणाली, "बघणार कसं? पाय दुखले की नाही एवढंच कळेल तुला. रोज उठल्या उठल्या खाली यायचं. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मी नाडी बघीन." आणि तसं सुरू झालं. तो डोळे चोळत खाली यायचा, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचा, हात पुढे करायचा. हिची तीन बोटं त्याच्या मनगटावर. तिचं घड्याळ हातात नसायचं, छातीवर टाचलेलं, उलटं टांगलेलं, म्हणजे मान खाली घातली की सरळ दिसेल असं. मला चहात चमचाही हलवायची परवानगी नव्हती. अर्धा मिनिट घर गप्प. नळाचा थेंब ऐकू यायचा. पहिले दोन दिवस मला हसू आलं. नंतर मी त्या अर्ध्या मिनिटाची वाट बघायला लागलो. वॉर्डात ही कशी दिसत असेल, ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसत होतं. चेहऱ्यावर माया नाही, काळजी नाही, काही नाही. नुसतं लक्ष. मी फळीची धार डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का बघतो तेव्हा मीही तसाच दिसत असेन, असं मला वाटायचं, आणि ते मला आवडायचं.

आकडा ती कपाटाच्या दारावर लिहायची. कागद हरवतात म्हणाली. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर मी केलेलं कपाट आहे, त्याच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या चपट्या पेन्सिलीने. मी कुरकुरलो होतो, कारण ते दार मी तीन वेळा घासून गुळगुळीत केलेलं. "बाहेरून दिसतंय का?" ती म्हणाली. दिसत नव्हतं. तर ते आकडे पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस, पन्नास असे, मग दुसऱ्या आठवड्यात चढत गेले, छप्पन, अठ्ठावन्न, एकदा साठ. वरच्याचे डोळे खोल गेले होते. मी म्हणालो, पुरे कर आता, काय सिद्ध करायचंय? आणि पंधराव्या दिवसापासून आकडे उतरायला लागले. तो रोज डोंगरात जात होता, रोज तितकाच दमून येत होता, आणि सकाळी आकडा कालच्यापेक्षा कमी. विसाव्या दिवशी अर्धा मिनिट झाला तरी हिने हात सोडला नाही. चहा उतू गेला. मी उठलो तशी तिने डाव्या हाताने मला थांबवलं. मग आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "माणसं तिसऱ्या आठवड्यात संपतात. तू तिसऱ्या आठवड्यात सुरू होतोस."

पुढच्याच रविवारी ती माझी किल्ली द्यायला न्हाव्याच्या दुकानात आली. तिची दुपारची पाळी होती. तेव्हाही दुकानात हाच वाद, वरच्याला नुकतंच एका लहान संघाने घेतलं होतं. ड्रायव्हर गमतीने म्हणाला, "सिस्टर, तुम्ही सांगा. तुमचा भाडेकरू मोठ्या शर्यतीत कुठवर जाईल?" ती दारात उभी होती, अंगावर दवाखान्याचे कपडे. म्हणाली, "तो तिसऱ्या आठवड्याचा माणूस आहे." ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, आधी पहिला आठवडा तर निघू द्या!" आणि सगळे हसले. न्हावी हसला. खुर्चीत कुणीतरी होतं, तोही हसला. मीही हसलो. आता किती हसलो ते आठवत नाही. थोडंसंच असेल. पण आरसा समोर होता, आणि त्यात ती मला दिसत होती, म्हणजे मीही तिला दिसत होतो. तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि गेली. संध्याकाळी मी भाजी चिरत होतो तेव्हा तिने विचारलं, "नाडी तुम्ही मोजली होती का?" मी म्हणालो, नाही. "मग हसलात कशाला?" एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, माझ्यावर रुसलीही नाही. मी सांगेन सांगेन म्हणत राहिलो, की तू बरोबर असशील. सांगायला दिवस पुष्कळ आहेत असं वाटायचं.

आणि आता तेच वाक्य न्हावी आपलं म्हणून सांगत होता. त्याचाही दोष म्हणता येणार नाही. वाक्य ऐकलं, विसरला, पुन्हा आठवलं तेव्हा ते त्याच्या डोक्यातून आलं. तर त्याला ते आपलंच वाटणार. मी तुरटीवर बोट दाबून म्हणालो, "ते तुम्ही सांगितलेलं नाही." न्हावी म्हणाला, "काय?" मी म्हणालो, "तिसऱ्या आठवड्याचं. ते हिने सांगितलं होतं. पाच वर्षांपूर्वी, त्या दारात उभं राहून. तुम्ही सगळे हसला होतात." मेलेल्या माणसाचं नाव निघालं की लोक आवाज बारीक करतात, ते मला आता पाठ झालंय. ड्रायव्हर बारीक आवाजात म्हणाला, "असेल हो मिस्त्री. सिस्टर म्हणाल्या असतील. बायकांचा अंदाज लागतो कधीकधी." मी म्हणालो, "अंदाज नव्हता. एकवीस दिवस नाडी मोजली होती तिने." चष्म्याच्या काचा बसवणाऱ्या माणसाला अंदाज हा शब्द आवडत नाही आणि मोजणं आवडतं, म्हणून चष्मेवाला पुढे सरकला. "मोजली होती? आकडे आहेत?" "आहेत." "कुठे?" "कपाटाच्या दारावर." आता मात्र ड्रायव्हरला राहवलं नाही. "मिस्त्री, दारावरचे आकडे? मग घेऊन या की दार!" तो गमतीत म्हणाला. तेव्हाही तो गमतीतच म्हणाला होता. मी गळ्याभोवतीचं कापड सोडलं आणि उठलो. "अहो, उजवा गाल?" न्हावी मागून ओरडला. टीव्हीवर बेचाळीस किलोमीटर राहिले होते.

घर आठ मिनिटांवर आहे. अर्ध्या तोंडाला साबण तसाच, मी पंच्याने पुसत निघालो. कोपऱ्यावर खिडकीत मशीन लावून कपडे शिवणारी बाई बसते. तिने मान वर केली. "मिस्त्री, अर्धीच दाढी? न्हाव्याशी भांडलात की काय?" मी हात हलवून पुढे गेलो. स्वयंपाकघरात शिरल्यावर मात्र पाय थांबले. मी ते दार रोज उघडतो, साखर त्याच्या मागेच असते. पण उघडणं आणि बघणं वेगळं. मी उघडून बघितलं. आकडे होते. पेन्सिल थोडी पुसट झाली होती, बोटं लागून. माझीच बोटं. पेचकस घेतला, आणि पहिल्या स्क्रूला लावला, आणि मग मनात आलं की आज तो मागे पडला तर? आज चढावर त्याचे खांदे हलले, चौथ्याचा दहावा झाला, तर हे दार दुकानात भिंतीला टेकून उभं असेल, आणि ते तिघे त्याच्याकडे बघतील. पाच वर्षांपूर्वी ती निदान स्वतः निघून जाऊ शकत होती. आता मी तिला पुन्हा तिथे नेऊन उभी करणार, आणि पुन्हा हसं होणार. इथेच बसलो तर कुणी विचारायला येणार नाही. तासाभरात निकाल लागेल. तो चांगला लागला तर दार उद्या नेता येईल.

मला दवाखान्यातला तो आठवडा आठवला. तिला तिच्याच दवाखान्यात ठेवलं होतं, बायकांच्या वॉर्डात. त्याबद्दलही तिची तक्रार होती, की पुरुषांच्या वॉर्डातल्या खाटा बऱ्या आहेत. तिथे तिने मला नाडी बघायला शिकवली, बहुधा माझ्या हातांना काहीतरी काम असावं म्हणून. "तीन बोटं. दाबू नका, ठेवा. अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची, वॉर्डात पूर्ण मिनिट कुणाला असतो? आणि अंगठा लावायचा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुम्ही तुमचीच मोजत बसाल." मी पूर्ण मिनिट मोजायचो. अर्ध्यात हात सोडावा लागला असता. तिला ते कळायचं, ती डोळे मिटून घ्यायची. शेवटच्या दुपारी मला बोटांना काही लागेना. मी जागा बदलली, पुन्हा बदलली. मग मी अंगठा लावला. लागली. छान, ठळक, जोरात. मी सबंध मिनिट मोजली. ती माझी होती, हे मला मोजतानाच माहीत होतं, आणि तरी मी मोजली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वरचा तेव्हा दूर कुठेतरी शर्यतीत होता. चार दिवसांनी त्याचा फोन आला. शेवटी म्हणाला, "काका, मी अजून सकाळी उठलो की अर्धा मिनिट बोलत नाही."

मी स्क्रू फिरवला. निकाल लागल्यावर दार नेलं तर ते दार कशाला न्यायचं? जिंकल्यावर सगळं गाव तिच्या बाजूने बोलेल. एका बिजागरीला तीन, असे सहा स्क्रू. मीच बसवलेले, चांगले घट्ट. दार हातात आलं तेव्हा ते मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. मागे डबे उघडे पडले, रांगेत, झोपेतून उठवल्यासारखे. दार मी छातीशी धरलं, लिहिलेली बाजू आत, अंगाकडे. पेन्सिल पुसू नये म्हणून खरं तर ती बाजू बाहेर धरायला हवी होती. मी आत धरली. शिवणकामवाली बाई म्हणाली, "आता दार कुणाचं?" मी म्हणालो, "आमचंच." आणि भरभर चाललो.

दुकानात मी ते बाकावर उभं केलं, चष्मेवाला आणि ड्रायव्हर यांच्या मधोमध, तिसरं माणूस बसवावं तसं. टीव्हीवर अठरा किलोमीटर राहिले होते. ड्रायव्हर म्हणाला, "खरंच आणलं की हो!" आणि मग कुणी हसलं नाही. चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बोट न लावता, हवेत बोट फिरवत, वरपासून खालपर्यंत वाचलं. त्याला वेळ लागला. मग तो म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका. हे मागाहून लिहिलेलं वाटतं." मी विचारलं, "का?" "सगळे सम आकडे आहेत. अठ्ठेचाळीस, पन्नास, चोपन्न, साठ. कुणाची नाडी एकवीस दिवस फक्त सम आकड्यांतच चालते? बसून मनाने आकडे लिहिले की असं होतं." न्हावी वस्तरा हातात धरून माझ्याकडे बघत होता. मला एकदम हसायला आलं. पाच वर्षांपूर्वी चुकून हसलो होतो, या वेळी बरोबर हसलो. मी म्हणालो, "सिस्टर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. वॉर्डात तसंच करतात. दुप्पट केलेला आकडा समच येणार. विषम आला असता तर मागाहून लिहिलाय म्हणायचं." चष्मेवाल्याला त्याच्या कामात कुणी असं पकडत नाही. तो पुन्हा वाकला, आता हट्टाने, आणि खालून दुसऱ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. "मग हे काय? त्रेचाळीस. हा विषम आहे."

मी ते विसरलो नव्हतो, पण तो तिथवर पोचेल असं वाटलं नव्हतं. म्हणालो, "तो विसावा दिवस. अर्ध्या मिनिटात तिने जे मोजलं ते तिला खरं वाटेना. म्हणून पूर्ण मिनिट मोजली." आणि मग मला जास्त बोलावंसं वाटलं, कधी नव्हे ते. मी म्हणालो, "एकतीस वर्षांत तिने किती मनगटं धरली असतील, बघा. जिथे खरं वाटलं नाही तिथे ती थांबली. अंदाज करणारं माणूस थांबत नाही." चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही," तो म्हणाला, "हे मोजलेलंच आहे." त्याच्या तोंडून ते आलं, हे मला फार बरं वाटलं. शर्यतीत अजून काहीच झालं नव्हतं.

चढ सुरू झाला तेव्हा न्हाव्याने मला पुन्हा खुर्चीत बसवलं, उजव्या गालाला साबण लावला, पण मग ब्रश तसाच हातात. आरशात टीव्ही, बाजूच्या भिंतीला बाक, बाकावर ते दोघे आणि मधे दार. मुख्य घोळक्यात वीस जण, मग बारा, मग सात. काडी सातवा. "खांदे हलतायत," ड्रायव्हर म्हणाला. "नाही हलत," चष्मेवाला म्हणाला. "अरे बघ ना!" "उलटं बघतोयस तू!" "मी सरळ बघतोय, आरशात मिस्त्री बघतायत!" सहा किलोमीटर राहिले तेव्हा पहिल्या नंबरवाल्याने मागे वळून बघितलं. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. दुसऱ्या आठवड्यात वरचा जिना उतरायचा तेव्हा त्याचा तसा असायचा, डोळे खोल, ओठ पांढरे. आणि काडी त्याच्या बाजूने निघाला. उडी मारून नाही, झटका देऊन नाही. दुकानातून पार्सल घेऊन निघावं तसा. एक वळण गेलं, दुसरं गेलं, मागे कुणी नाही. न्हावी ब्रश वर धरून उभा होता आणि साबण त्याच्या कोपरापर्यंत ओघळत होता. ड्रायव्हर उठून उभा राहिला होता आणि त्याचा हात आपोआप, गिअर बदलावा तसा, खाली-वर होत होता. "चढव," तो म्हणत होता, "चढव, चढव बाळा, अजून आहे त्याच्यात, अजून आहे." माझं तोंड आरशात अर्धं पांढरं दिसत होतं. आत कुठेतरी नळाचा थेंब पडत होता आणि हात सोडायची वेळ अजून झालेली नव्हती.

टप्पा त्याने जिंकला नाही. सकाळपासून पुढे पळालेला एकजण आधीच पोचला होता. पण पहिल्या नंबरवाल्यावर त्याने एक मिनिट पंचवीस सेकंद मिळवले. चौथ्याचा दुसरा झाला, पंचेचाळीस सेकंद मागे, पाच दिवस बाकी. दुकानात इतका आरडाओरडा झाला की औषधाच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून आला. न्हाव्याने त्याला हाताला धरून आत आणलं, दारासमोर उभं केलं. "हे बघ. सिस्टर पाच वर्षांपूर्वी सांगून गेल्या, हा तिसऱ्या आठवड्याचा माणूस आहे. आम्ही गाढवं हसलो होतो." त्याने 'मी' म्हटलं नाही. ड्रायव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्यात आधी मी हसलो होतो." मी म्हणालो, "मीही हसलो होतो." ते बोलायला पाच वर्षं लागली, आणि बोलायला हवं होतं तिला. पण बोललो.

मग लगेच शनिवारचा वाद सुरू झाला. वारा, सपाट रस्ता, काडीचं वजन. चष्मेवाला मला म्हणाला, "मिस्त्री, मग सिस्टरच्या आकड्यांप्रमाणे रविवारी जिंकणार म्हणायचा का?" मी म्हणालो, "जिंकेल असं ती म्हणाली नव्हती. तिसऱ्या आठवड्याचा माणूस आहे, एवढंच म्हणाली होती. न मोजलेलं ती बोलायची नाही." न्हाव्याने माझा उजवा गाल केला. दाढी होईपर्यंत मी हललो नाही. पैसे तो घेईना, मी ठेवले. "दार रविवारपर्यंत इथेच राहू द्या," तो म्हणाला, "लोकांना दाखवू." मी म्हणालो, "नाही. घरी डबे उघडे पडलेत."

परत जाताना मी दार उचललं आणि या वेळी लिहिलेली बाजू बाहेर ठेवली. हात लांबवून धरावं लागलं, खांदा भरून आला. रस्त्यावर ऊन होतं, आणि पेन्सिलीचे आकडे उन्हात चमकतात, हे मला सुतार असूनही माहीत नव्हतं. लोक बघत होते. बघू दे म्हटलं. शिवणकामवाल्या बाईने मशीन थांबवलं. "झाली वाटतं पूर्ण दाढी. आणि दार घेऊन काय गावभर फिरताय, मिस्त्री? काय लिहिलंय त्याच्यावर?"

"हिचं अक्षर आहे," मी म्हणालो.

ती खिडकीतून बाहेर वाकली, पण तिला तिथून वाचता येईना. ती उठून बाहेर आली. मी दार पायावर टेकवून उभं धरलं आणि तिचं वाचून होईपर्यंत थांबलो.